सहीच्या आधी ठराव वाचू या
(फोंडाघाट येथील महिला मेळाव्यातील भाषण)

माझ्या गावची गोष्ट सांगते. गावाचं नाव नको. एका सकाळी पंचायतीचा शिपाई वही घेऊन दारात आला. "काकी, महिला सभेची सही!" सभा झालीच नव्हती. हात पिठाचे, चुलीवर भाकरी. मी सही केली. त्या सह्यांवर महिला-बालकल्याणाच्या पैशातून बाक आले नि पारावर बसले. पारावर आपण कधी बसतो? अंगणवाडीला मात्र संडास नव्हता.

७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत आपल्याला एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. पण नुसत्या खुर्चीने पैशावर लक्ष राहत नाही. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. पैसा कशावर खर्च व्हावा, हे मांडण्याची आपली जागा तीच.

पुढच्या सभेला आम्ही सतराजणी गेलो. जमाखर्च मोठ्याने वाचायला लावला. सरपंचबाई हळूच म्हणाल्या, "मलाही हा कागद कुणी दाखवला नव्हता गं." त्या दिवसापासून त्या आमच्यातल्या झाल्या. संडासाचा ठराव झाला. बांधकाम अजून बाकी आहे. दर सभेत आम्ही विचारतो.

तेव्हा बायांनो, वही दारात आली तर एवढंच म्हणा: "सभा कधी? तिथेच सही करीन."