दिवा दिसतो, वेग दिसत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी सारी नोकरी रेल्वे इंजिनांच्या विजेच्या कामात गेली. बॅटऱ्या, वायरिंग, मोटारी आणि दिवे. त्यातल्या दिव्याविषयी आज बोलायचं आहे. इंजिनाचा दिवा ही तशी किरकोळ बाब. इंजिनाच्या किमतीत त्याची किंमत कुठे दिसायचीही नाही. पण या दिव्याने मला बरीच वर्षं छळलं.

१९८७ सालची गोष्ट. मी डिझेल शेडमध्ये नवा होतो. विदर्भातल्या एका बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर पहाटे एक दूधवाला गाडीखाली सापडला. मोपेडला दोन्ही बाजूंना कॅन, क्रॉसिंगकडे जाणारा रस्ता चढाचा. चौकशीत इंजिनाचा हेडलाइट तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी तपासला. दिवा ठीक होता, काच स्वच्छ होती, झोत बरोबर रुळावर पडत होता. तसं लिहून दिलं.

ड्रायव्हर पन्नाशीचे होते. बाहेर बाकावर बसले होते. मला म्हणाले, ‘‘साहेब, दिव्यात काही खोट होती का?’’ मी नाही म्हणालो. ते म्हणाले, ‘‘मग असं कसं झालं? मी भोंगा वाजवतच होतो. तो थांबला. पाय टेकवून उभा राहिला. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि मग निघाला हो.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवा दिसत नव्हता असं असतं, तर मी दिवा मोठा करा म्हणालो असतो. इथे तर दिवा दिसला होता.

आपली साधारण समजूत अशी असते, की इंजिनाचा दिवा ड्रायव्हरला रस्ता दिसावा म्हणून असतो. मोटारीचा असतो तसा. सुरुवातीला हेतू तोच होता. १८३०च्या दशकात अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाच्या रेल्वेवर होरॅशियो अॅलन या इंजिनिअरने इंजिनापुढे एक सपाट गाडी जोडली, तिच्यावर वाळू पसरली आणि वाळूवर पाइनच्या गाठाळ लाकडांची शेकोटी पेटवली. तो पहिला हेडलाइट. पुढे रॉकेलचे दिवे आले, मग कार्बनच्या ठिणगीचे, मग विजेचे बल्ब. पण गाड्यांचा वेग वाढत गेला आणि दिव्याचा मूळ उपयोग मागे पडला. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरभर जाते, आणि दिव्याच्या उजेडात माणूस ओळखू येतो तो तीनशे-चारशे मीटरवर. म्हणजे दिव्यात जे दिसतं, त्याच्यापाशी गाडी थांबू शकत नाही. ड्रायव्हर ते फक्त पाहू शकतो. फुटप्लेटवर रात्र काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हा हा दिवा मुख्यतः दुसऱ्यांसाठी आहे. फाटकावरच्या माणसासाठी, रुळावर काम करणाऱ्या गँगमनसाठी, शॉर्टकट मारणाऱ्या शाळकरी पोरांसाठी. त्याचं काम पाहणं नाही, दिसणं आहे. आणि नुसतं दिसणंही पुरत नाही, हे मला त्या दूधवाल्याने शिकवलं.

याचा उलगडा मला खूप उशिरा झाला. हर्शेल लायबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे क्रॉसिंगवरच्या अपघातांवर एक लेख लिहिला होता. विमानतळावर उभं राहून पाहा, मोठं जेट विमान छोट्या विमानापेक्षा सावकाश उतरतंय असं वाटतं. वेग मात्र त्याचाच जास्त असतो. मोठी वस्तू आपल्या डोळ्याला संथ भासते. रेल्वेगाडी ही तर जमिनीवरची सर्वांत मोठी धावती वस्तू. शिवाय क्रॉसिंगवरचा माणूस जवळजवळ रुळाच्या रेषेतूनच तिच्याकडे पाहत असतो. बस आपल्यासमोरून आडवी गेली, की मागच्या झाडांवरून, खांबांवरून तिचा वेग कळतो. अंगावर येणारी गाडी कुठेच सरकत नाही. ती जागच्या जागी फक्त मोठी होते.

किती मोठी होते, याचा हिशेब मी करून पाहिला. आपलं इंजिन तीन मीटरहून थोडं अधिक रुंद. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो. हात लांब केला तर करंगळीच्या नखाआड सहज लपतो. इंजिन त्या चंद्राएवढं रुंद दिसतं, तेव्हा ते साडेतीनशे मीटरच्या जरा पलीकडे असतं. गाडी ताशी ११० किलोमीटरने येत असेल, तर ती आपल्यापासून फक्त १२ सेकंदांवर असते! त्याआधीच्या १२ सेकंदांत ते चित्र अर्ध्या चंद्राचं एका चंद्राएवढं झालेलं असतं, म्हणजे जवळपास काहीच नाही. पुढच्या ६ सेकंदांत ते दोन चंद्रांएवढं होतं, त्यापुढच्या ३ सेकंदांत चार. गाडी वेगात आहे अशी डोळ्यांची खात्री पटते ती इथे, आणि आता हातात तीनच सेकंद असतात. ट्रॅक्टरला ट्रॉली घेऊन रूळ ओलांडायला दहा सेकंद तरी हवेत. २००५च्या फेब्रुवारीत नागपूरजवळ कन्हानला वऱ्हाडाची ट्रॉली गाडीखाली सापडून पन्नासहून अधिक माणसं गेली, ती बातमी वाचताना माझ्या डोक्यात हेच आकडे फिरत होते.

हे झालं दिवसाचं. रात्री इंजिनाची रुंदीही दिसत नाही, दिसतो तो एक ठिपका. तो कितीही प्रखर असला तरी ठिपकाच. तो वाढत नाही, फक्त डोळे दिपवतो. माझ्या दूधवाल्याने पाहिला तो असा ठिपका. पाच मिनिटांपूर्वीही तो तसाच दिसत असणार.

मग उपाय काय? अमेरिकेत १९३०च्या दशकात शिकागोतल्या एका अग्निशमन जवानाच्या कल्पनेतून ‘मार्स लाइट’ निघाला. त्याचा झोत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा डोलत राहायचा. डोळ्यांच्या कडेला हालचाल चटकन जाणवते, तिचा फायदा घेतलेला. लक्ष वेधायला उत्तम, पण अंतराचा अंदाज त्याने येत नव्हता. खरा मार्ग सापडला तो कॅनडात, तोही भलत्याच कामासाठी. तिथल्या डोंगरी, वळणाच्या मार्गांवर कोसळलेले दगड दिसावेत म्हणून इंजिनाच्या खालच्या अंगाला दोन बाजूंना दोन दिवे लावले होते. रुळाकडेच्या चरात उजेड पाडणारे, म्हणून ‘डिच लाइट’.

वर एक दिवा आणि खाली दूर दूर दोन, असा त्रिकोण तयार झाला. फार लांबून तिन्ही दिवे मिसळून एकच दिसतात. गाडी जवळ येते तसे ते फुटतात आणि एकमेकांपासून दूर होत जातात. ठिपका वाढत नाही, त्रिकोण वाढतो. अंधारात इंजिनाला पुन्हा रुंदी मिळाली. १९९६ मध्ये अमेरिकेने नियमच केला, की ताशी २० मैलांहून अधिक वेगाने सार्वजनिक क्रॉसिंग ओलांडणाऱ्या इंजिनांवर १९९७ अखेरपर्यंत असे दोन जादा दिवे हवेत, प्रत्येकी दोन लाख कँडेलांचे. त्या नियमातलं मला आवडलेलं कलम साधं आहे. वरचा दिवा खालच्या दोघांहून पाच फूट किंवा अधिक उंच असेल, तर खालचे दोन एकमेकांपासून किमान तीन फूट. त्याहून कमी उंच असेल, तर ते किमान पाच फूट लांब. त्रिकोण एका बाजूने बसका झाला तर दुसऱ्या बाजूने ताणून घ्या! नियम लिहिणाऱ्याला दिवा कशासाठी आहे हे पक्कं ठाऊक होतं.

ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात वाफेच्या धडधडत्या इंजिनांजागी शांत डिझेल आणि विजेची इंजिनं आली, तेव्हा रुळांवरच्या कामगारांना ती दिसावीत म्हणून त्यांची तोंडं पिवळी रंगवली गेली. २०१६ मध्ये ती सक्ती सैल झाली, नव्या प्रमाणाचे प्रखर दिवे असतील तर पिवळा रंग नसला तरी चालेल म्हणून.

माझ्या काळातल्या आपल्या इंजिनांवर पुढे शेजारी शेजारी दोन बल्बांचा एक जोडदिवा असे आणि खाली मंद मार्कर दिवे. लांबून तो जोडदिवा एकच वाटे. खालचे दोन प्रखर करावेत, असं टिपण मी एकदा वर पाठवलं होतं. हेडलाइट नियमाप्रमाणे पुरेसा आहे, असं उत्तर आलं. ते चूक नव्हतं. उजेड पुरेसाच होता. अमेरिकेसारखे आळीपाळीने लुकलुकणारे दिवे मात्र मीही सुचवले नव्हते. आपल्याकडे इंजिनाचा पिवळा फ्लॅशर लुकलुकला, की समोरून येणाऱ्या ड्रायव्हरने तो धोक्याचा इशारा समजून थांबायचं असतं. एका खुणेचे दोन अर्थ झाले तर नवाच घोळ.

या शास्त्राचा एक सुंदर उपयोग आपल्या मुंबईत झाला आहे. २००९-१०च्या सुमारास वडाळ्याला, लोक रूळ ओलांडत त्या भागात, काही काही अंतराने स्लीपर पिवळे रंगवले गेले. ‘फायनल माइल’ या संस्थेची ती कल्पना. येणारी लोकल एकेक पिवळा पट्टा गिळत येते, आणि पाहणाऱ्याला वेग कळतो. एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे, हाही त्याच प्रयोगातला भाग. खर्च रंगाच्या डब्यांचा! दिव्यात अडकलेल्या माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. २०१२ मध्ये काकोडकर समितीने म्हटलं होतं, की देशात दरवर्षी सुमारे १५ हजार माणसं रूळ ओलांडताना मरतात, त्यातली सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर.

ब्रॉडगेजवरची बिनफाटकाची क्रॉसिंगं २०१९च्या जानेवारीअखेर संपली. कोणत्याही दिव्यापेक्षा हे मोठं काम, यात शंका नाही. माझ्या दूधवाल्याच्या क्रॉसिंगखालीही आता बोगदा आहे. गेल्या पावसाळ्यात मुद्दाम तिकडे गेलो होतो. संध्याकाळची वेळ. बोगद्यात मांडीभर पाणी साचलेलं, आणि वर दोन पोरं मोटारसायकल ढकलत रुळांवरून पलीकडे नेत होती. दूर एक दिवा दिसत होता. मी खालून ओरडलो. त्यातला एक थांबला, मान वळवून दिव्याकडे पाहिलं आणि मला म्हणाला, ‘‘काका, लांब आहे अजून.’’