चित्र घेण्यापूर्वीचे तीन प्रश्न
(सांगवी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



‘विद्यार्थ्यांचा म्युझिक व्हिडिओ आणि माध्यमशास्त्र’ हे आजच्या विषयाचे नाव ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मुले आधीच तासन् तास मोबाइल घेऊन बसतात, त्यात मास्तरच त्यांना गाणी चित्रित करायला शिकवू लागले, तर अभ्यासाचे काय, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मुलांच्या हातात कॅमेरा आम्ही दिलेला नाही; तो तुम्ही-आम्ही घेऊन दिलेल्या फोनमधून कधीच आलेला आहे. आता प्रश्न एवढाच उरतो, की ती विचार करून चित्र घेणार की विचार न करता.

गाणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळातील नामवंत लावणीकार सगनभाऊ हे मुसलमान होते आणि धंद्याने शिकलगार होते. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आपल्या आवाजाने मैदाने जागवली. गाणे चित्रित करणे हेही नवे नाही. अमेरिकेत केवळ संगीताची चित्रे दाखवणारी एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. पण आपल्याकडे ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट १९३१ साली आला तोच सात गाणी घेऊन. म्हणजे या विद्येत आपण पन्नास वर्षांनी थोरले आहोत. पण थोरलेपणाबरोबर जबाबदारीही येते, हे विसरून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष हकिगत सांगतो. गेल्या वर्षी नववीच्या आठ मुलामुलींच्या एका गटाने स्नेहसंमेलनासाठी म्युझिक व्हिडिओ करायचे ठरवले. गाणे त्यांनी स्वतःच रचले होते आणि विषय फार चांगला होता. चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या वडिलांची पाळी दर आठवड्याला बदलते. त्यामुळे मुलांना ते एक तर झोपलेले दिसतात, नाही तर डबा घेऊन दारातून बाहेर पडताना. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात असे घर कोणाच्या ओळखीचे नाही?

पण चित्रीकरणाचा जो आराखडा मुलांनी माझ्यापुढे ठेवला, तो पाहून मी थक्क झालो. पवनेच्या पुलावर उसनी आणलेली मोटारसायकल, डोळ्यांवर काळा चष्मा, मागून सोडलेला धूर आणि संथ गतीने केस उडवत येणारे चार मुलगे. गाण्यात वडील तिसऱ्या पाळीला निघाले आहेत आणि चित्रात मुलगा आरशात स्वतःला न्याहाळतो आहे. मी विचारले, “यात वडील कुठे आहेत?” मुले एकमेकांकडे पाहू लागली. त्यांनी कोणताही अपराध केला नव्हता. म्युझिक व्हिडिओ म्हणजे असाच असतो, असे त्यांनी पाहिले होते आणि पाहिलेले उतरवून काढले होते. नक्कल आणि निर्मिती यांतील फरक इथेच सुरू होतो. तो समजावा म्हणून मी त्यांना माध्यमशास्त्रातील तीन विचार सांगितले आणि त्यांचे तीन प्रश्न केले.

पहिला प्रश्न : शब्द आणि चित्र यांचे नाते काय?

अँड्र्यू गुडविन नावाच्या अभ्यासकाने १९९२ साली म्युझिक व्हिडिओवर एक पुस्तक लिहिले. त्याने सांगितले, की चित्र गाण्याशी तीन तऱ्हांनी वागते. शब्द जे सांगतात तेच ते दाखवते; किंवा शब्दांत नसलेली भर घालून अर्थ वाढवते; किंवा शब्दांशी काही संबंध न ठेवता भलतीकडे जाते. आमची मोटारसायकल तिसऱ्या जातीची होती. “वडील झोपले आहेत” या ओळीवर झोपलेले वडील दाखवले, तर ते पहिल्या जातीचे झाले. दुसऱ्या जातीसाठी मुलांना आपल्याच घरात डोकावावे लागले. मग एकेक गोष्ट निघू लागली. दिवसा वडील झोपले असताना आई कुकरची शिटी होऊ देत नाही. धाकटा भाऊ स्ट्रायकर न मारता कॅरमच्या सोंगट्या बोटाने हळूच सरकवतो. शेजारीण दार न वाजवता खिडकीतून खूण करते. ही खरी चित्रे होत! ती कोणत्याही सिनेमातून घेतलेली नव्हती.

या संदर्भात मी मुलांना ‘प्रभात’च्या ‘कुंकू’ या १९३७ सालच्या चित्रपटाची गोष्ट सांगितली. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून पुण्यात आली. तिच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. म्हणजे हा वारसा सांगवीपासून बसच्या अंतरावर आहे. व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत वापरलेच नाही. प्रसंगात जे आवाज होतील तेवढेच ऐकवले. मुलांनी यातून धडा घेतला. वाद्ये भाड्याने आणण्याऐवजी त्यांनी डब्याचे झाकण, पाण्याची घागर आणि दाराची कडी यांच्यावर ठेका धरला. खर्च शून्य, आणि गाणे पाळीवाल्याच्या घरातलेच वाटू लागले.

दुसरा प्रश्न : आपण कोणाला, कसे दाखवतो आहोत?

जमैकात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये शिकवणारे स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली असे मांडले, की चित्र करणारा त्यात एक अर्थ भरतो, पण पाहणारा तोच अर्थ काढील असे नाही. तो करणाऱ्याचा अर्थ जसाच्या तसा स्वीकारील, काही घेईल काही सोडील, किंवा साफ नाकारील. हॉल यांनी पुढे असेही दाखवून दिले, की एखाद्या समाजाची तीच ती चित्रे वारंवार दाखवली, की तीच खरी वाटू लागतात.

हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला समजावे? ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) आणि ‘मेरे मेहबूब’ (१९६३) यांची गाणी आपण सर्वांनी गुणगुणली आहेत. पण त्या नवाबी हवेल्यांत तुमच्या-माझ्या ओळखीचा कोण राहत होता? पुढे नवाब गेले आणि त्यांच्या जागी पुष्कळदा गुंड आला. लेथवर उभा राहणारा, मुलांच्या फीची चिंता करणारा माणूस क्वचितच पडद्यावर आला. एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’मधील आग्र्याचे जोड्यांचे कारखानदार सलीम मिर्झा आपल्याला जवळचे वाटतात ते यामुळेच. त्यांना धंद्याची काळजी आहे, घर जाण्याची भीती आहे, मुलांच्या भवितव्याचा घोर आहे.

आमच्या आराखड्यात मात्र वडिलांच्या डोक्यावर प्रत्येक दृश्यात टोपी होती. मी कारण विचारले तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, लोकांना कळायला नको का, की हे आपले आहेत?” त्यावर दुसरा पटकन म्हणाला, “माझे अब्बा कंपनीत हेल्मेट घालतात.” वर्गात हशा पिकला, पण हॉल यांचा सिद्धांत मी तासभर बोलून जेवढा समजावला नसता, तेवढा त्या एका वाक्याने समजावला. टोपी नमाजाच्या दृश्यात राहिली, कारण तिथे ती असतेच. बाकी ठिकाणी गणवेश आला.

पाहणाऱ्याला काय कळते, हे तपासण्याचा एक सोपा उपाय सांगतो. कागदावर काढलेली चित्रे तीन निरनिराळ्या माणसांना दाखवावीत आणि आपण गप्प बसावे. आम्ही ती एका आजींना, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला आणि पाचवीतल्या एका मुलाला दाखवली. दुकानदार म्हणाले, “घरात कोणी आजारी आहे काय?” म्हणजे शांतता कळली, पण कारण कळले नाही. मग मुलांनी सुरुवातीलाच दाराशी काढून ठेवलेले सेफ्टी बूट आणि उन्हातले घड्याळ ही दोन चित्रे घातली. चूक कागदावर सापडली म्हणून ती रबराने खोडता आली.

तिसरा प्रश्न : पाहणारे डोळे कोणाचे?

इथे मात्र मला अधिक मोकळेपणाने बोलले पाहिजे. लॉरा मल्व्ही या इंग्रज विदुषीने १९७५ साली एक निबंध लिहिला. सिनेमाचा कॅमेरा बहुधा पुरुषाच्या नजरेने पाहतो. पुरुष पाहणारा आणि स्त्री पाहण्याची वस्तू, अशी वाटणी होते, हे त्याचे सार.

आमच्या गटात गाणे लिहिणारी आणि गाणारी एक मुलगी होती. तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, “सर, लोकां क्या कहेंगे?” तिची काळजी मी खोटी मानत नाही. फोनवरचे चित्र कुठून कुठे जाईल, त्याखाली कोण काय लिहील, हे कोणालाही सांगता येत नाही. मी तोडगा काढला, की आवाज मुलीचा ठेवू, चित्रात मुलगे ठेवू. मला आपल्या चातुर्याचे समाधानही वाटले. पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी म्हणाली, “सर, अब्बांवरचे गाणे मी लिहिले, मीच गायले. मग चित्रात त्यांची मुलगीच का नाही?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. बाईला शोभेसाठी समोर उभी करणे जसे चूक, तसेच तिला पुसून टाकणेही चूक. दोन्हीकडे निर्णय दुसऱ्याच्याच नजरेचा असतो.

मग आम्ही वाटणी उलटी केली. पाहणारे डोळे तिचे केले. कॅमेरा तिच्या उंचीवर धरला आणि ती जे पाहते तेच दाखवले : वडिलांचे पांघरुणाबाहेर आलेले पाय, आईचा कुकरवरचा हात, दाराशी ठेवलेले बूट. सगळी चित्रे कागदावर काढून तिच्या आईपुढे ठेवली. त्यांनी ती एकेक करून शांतपणे पाहिली. दार उघडणारी मुलगी एका चित्रात बाजूने दिसते, तेवढे त्यांनी मान्य केले. अट एकच घातली : शेवटच्या पाटीवर नाव घालायचे नाही. आम्ही ती पाळली. व्हिडिओ केवळ सभागृहात दाखवायचा, फोनवर फिरवायचा नाही, असेही सर्वांच्या सह्यांनिशी ठरले. आठ जणांनी काम केले आणि पाटीवर सात नावे आली.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिचे वडील पहिली पाळी संपवून परस्पर आले आणि मागच्या रांगेत बसले. माझ्याशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीने सांगितले, की घरी गेल्यावर त्यांनी एकच विचारले : “तेरा नाम क्यों नहीं डाले?”

बंधू-भगिनींनो, ज्यांच्यावर गाणे होते त्यांनाच आम्ही विचारले नव्हते. ते पाळीवर होते म्हणून आईला विचारले, आईने लोकांचा विचार केला, मी आईचा केला. आराखडा घेऊन एकदा संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो असतो, तर पाटीवर आठ नावे आली असती. ही चूक माझी आहे आणि म्हणूनच ती इथे सांगितली.

विद्यार्थी मित्रांनो, आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. पहिली हिशेबाची. तीन मिनिटांचे गाणे म्हणजे १८० सेकंद. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर ३६० मात्रा होतात. केरवा आठ मात्रांचा. म्हणजे ४५ आवर्तने, प्रत्येक चार सेकंदांचे. प्रत्येक आवर्तनाला एक चित्र आणि समेवर बदल, एवढे धरले तरी ४५ चौकटी लागतात. त्या आधी वहीत काढा. प्रत्येकीखाली शब्द, आवाज, जागा आणि वेळ लिहा. असे केल्यावर आमचे चित्रीकरण दोन रविवारांत आटोपले.

दुसरी गोष्ट कायद्याची. सिनेमातले गाणे उचलून त्यावर चित्र लावू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर हक्क राहतो. अमर शेख १९६९ साली गेले; त्यांच्या गीतांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रिकेचा हक्क आणखी निराळा. सगनभाऊंच्या रचनांना हे बंधन नाही. पण सर्वांत उत्तम म्हणजे स्वतःचे गाणे. ते साधे असेल, पण ते तुमचे असेल.

पालकांना माझी एकच विनंती आहे. मूल कागद घेऊन तुमच्यापुढे आले आणि “हे बघा, असे दाखवणार आहोत,” असे म्हणाले, तर पाच मिनिटे बसून तो कागद पाहा. नको वाटले तर नको म्हणा, पण कारण सांगा आणि त्याचेही ऐकून घ्या. पाळीवरून आलेल्या वडिलांनाही तो दाखवा. शब्दाशी चित्राचे नाते काय, आपण कोणाला कसे दाखवतो, आणि पाहणारे डोळे कोणाचे, हे तीन प्रश्न जे मूल स्वतःच्या चित्राला विचारायला शिकते, ते उद्या फोनवर आलेल्या प्रत्येक चित्रालाही विचारील. त्याला सहजासहजी कोणी फसवू शकणार नाही. हा अभ्यास नव्हे, तर काय?

यंदाचा गट नवा आहे, गाणेही नवे आहे. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर मी गाण्याचे नाव लिहिण्याआधी काम करणाऱ्या सर्वांची नावे लिहून घेतली आहेत.