आंबा, दही आणि आपली लेकरे

(धडगाव भागातील भगिनींच्या मे महिन्यातील सभेत वसतिगृहाच्या ताईंनी दिलेले भाषण)



आज मी मोठे व्याख्यान देणार नाही. समोर दह्याचे मडके, रवी आणि टोपलीभर गावठी आंबे आहेत. बोलता बोलता आपण आंब्याची लस्सी करू आणि मग सगळ्या मिळून पिऊ.

आधी एक गोष्ट सांगते. गेल्या जूनमध्ये वसतिगृहात परत आलेली एक मुलगी फार वाळलेली दिसली. आईला विचारले, तर ती म्हणाली, "ताई, कैऱ्या सगळ्या आमचुराला गेल्या. पोरगी बाजारात रंगीत पाण्याची पिशवी मागायची, तीच घेऊन द्यायचो." त्या माउलीला मी दोष देत नाही. आमचुराच्या पैशावरच पेरणीचे बियाणे येते, वह्या येतात. पण देवाने आपल्या दारात दिलेले फळ व्यापाऱ्याकडे जाते आणि लेकराच्या हाती नुसती साखर आणि रंग येतो, हे माझ्या मनाला लागले. म्हणून एकच विनंती करते. एका झाडाच्या कैऱ्या उतरवू नका. त्या पिकू द्या, घरासाठी ठेवा.

आता कृती पाहा. दूध उकळून कोमट करावे, बोट सहज बुडवता येईल इतके. त्यात चमचाभर विरजण घालून झाकून ठेवावे. या उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागते. फार वेळ ठेवले तर आंबट होते.

सहा-सात गावठी आंबे तासभर पाण्यात भिजवा. देठाजवळचा चीक काढून टाका, मग हाताने मऊ करून रस पिळा. या आंब्यांना रेषा फार असतात, म्हणून रस गाळून घ्या. अर्धा लिटर दही रवीने घुसळा. त्यात रस, पेलाभर पाणी, दोन-तीन चमचे किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घाला. आंबा गोड असेल तर गूळ नकोच. पाच पेले होतात. मिक्सर लागत नाही, फ्रीजही लागत नाही. भांड्याला ओले फडके गुंडाळून सावलीत वाऱ्यावर ठेवा, गार होते.

पाणी मात्र उकळून गार केलेलेच घ्या. झऱ्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी त्यावर भरवसा ठेवू नका. बाजारचा बर्फ घालू नका. हात साबणाने धुवा. केलेली लस्सी लगेच संपवा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

पिकल्या आंब्यातून डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व मिळते. दह्यातून हाडांना चुना मिळतो. ज्यांना दूध पचत नाही, त्यांतल्या पुष्कळांना दही पचते.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. लेकराला जुलाब लागले तर ही गोड लस्सी औषध नव्हे. तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजा. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नका, आणि दवाखान्यात जायला उशीर करू नका. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको.

चला, लस्सी झाली. पेले पुढे करा. पहिले पेले लेकरांना द्या, मग आपण घेऊ.