परिचारिका आणि संमतीचा प्रश्न



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्राचा अधिकारी नव्हे. परंतु २०१९ च्या नियमांनुसार औषधांच्या चाचणीस मान्यता देणाऱ्या नीतिमत्ता समितीत एक सामान्य व्यक्ती असावीच लागते. त्या सामान्य माणसाच्या दृष्टीने मी आज बोलत आहे.

आपल्याच जिल्ह्यातील वढू, तसेच दिल्ली व वेल्लोर येथे २०११ पासून रोटाव्हायरस लसीची चाचणी झाली. ६,७९९ बालकांपैकी दर तिघांत दोघांना लस, तर एकाला लस नसलेला, दिसण्यात तसाच द्रव देण्यात आला. कोणाला काय मिळाले, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. ही लस पुढे उपयुक्त ठरली व २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली. संशोधन आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही.

मात्र अशा वेळी माता विचारते, “ताई, बाळाला हे चांगलंच आहे ना?” खरे उत्तर “अजून ठाऊक नाही, तेच शोधायचे आहे” असे असते. माता कागदावर नव्हे, ताईंवर विश्वास ठेवून अंगठा उमटवते. विश्वास म्हणजे संमती नव्हे.

हा भेद विसरल्यास काय घडते, हे अमेरिकेतील टस्कीगी येथे दिसले. १९३२ ते १९७२ या काळात ३९९ उपदंशग्रस्त कृष्णवर्णीयांना उपचारांवाचून ठेवून केवळ निरीक्षण करण्यात आले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले गेले नाही. त्या माणसांना तपासणीस आणणाऱ्या युनिस रिव्हर्स या त्यांच्याच समाजातील परिचारिका होत्या. त्यांच्याविषयीच्या आपुलकीमुळेच ती माणसे येत राहिली.

म्हणून परिचारिकेने नकाराचा हक्क आधी सांगावा, घरी विचारण्यास अवधी द्यावा आणि त्रास झाल्यास वरिष्ठांच्या नाराजीची पर्वा न करता नोंद करावी. मात्र जिची नोकरी त्याच वरिष्ठांच्या हाती आहे, तिच्याकडून एकटीने हे धैर्य अपेक्षिणे अन्यायाचे होईल. तिला निर्भयपणे बोलता यावे, ही जबाबदारी रुग्णालये चालविणाऱ्या आपणा विश्वस्तांचीच आहे.