बहुसंख्यांचा ‘दोष’
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘रक्तातील प्रथिने आणि आजार’ असं छापलंय. प्रथिनं शेकडो, वेळ तासाभराचा. म्हणून एकच घेतो, हॅप्टोग्लोबिन. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याबद्दलचा एक प्रश्न या प्रथिनापाशी अर्धवट पडून आहे. तो आपल्या देशातच सुटायला हवा, असा माझा हेका आहे. मी कुठूनही निघालो तरी पोचणार तिथेच, हे आधीच सांगून ठेवतो. (हशा)

हिमोग्लोबिन म्हणजे काय, ते दहावीची मुलंही सांगतील, पुढे जाऊ. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. काही पेशी रक्तवाहिनीतच फुटतात आणि हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. ते मोकळं फिरलं तर मूत्रपिंडाला आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास होतो. हॅप्टोग्लोबिन त्याला घट्ट पकडतं आणि मॅक्रोफेज पेशी ही जोडी गिळून टाकतात.

आता या प्रथिनाचे प्रकार शोधणारा ऑलिव्हर स्मिथीज. यॉर्कशरचा माणूस, 1950च्या दशकात टोरांटोत इन्सुलिनवर काम करत होता. विजेच्या प्रवाहात प्रथिनं वेगळी करायची, तर इन्सुलिन कागदाला चिकटून बसे. दुसरी पद्धत स्टार्चच्या ओल्या कणांची होती. तिच्यात थराचे काप काढून प्रत्येकातलं प्रथिन मोजायचं, आणि याच्याकडे मदतनीस नाही. तेव्हा त्याला आठवलं, की आई वडिलांच्या शर्टांना खळ घालायची आणि उरलेली खळ गार झाली की थिजायची. त्यानं बटाट्याचा स्टार्च शिजवला, थिजवला आणि त्यातून रक्तद्रव पळवलं. कागदावर पाचेक गट दिसत. इथे त्याहून कितीतरी जास्त पट्टे उमटले. प्रयोगशाळेतल्या मंडळींचं रक्त घेतलं, तर हॅप्टोग्लोबिनच्या पट्ट्यांचे नमुने माणसागणिक वेगळे. पहिल्या काही नमुन्यांवरून त्याला वाटलं, पुरुष आणि बायका ओळखण्याची नवी रीत सापडली! (हशा) हसू नका, थोडे दिवस त्याचा खरंच तसा समज होता. मग एक नमुना उलटा निघाला आणि सिद्धान्त बारगळला. पुढे नॉर्मा फोर्ड वॉकर या आनुवंशिकीतज्ज्ञ बाईंबरोबर त्यानं कुटुंबंच्या कुटुंबं तपासली. 1955 साली दोघांनी दाखवलं, की हा फरक आईबापांकडून येतो. स्मिथीजना 2007 साली नोबेल मिळालं ते उंदरांच्या जनुकांवरच्या कामासाठी. माझ्या मते खळीसाठीही एक द्यायला हवं होतं. (टाळ्या)

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. पाहिलं मी.

तर, हॅप्टोग्लोबिनच्या जनुकाचे दोन मुख्य प्रकार आहेत, 1 आणि 2. सोळाव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा कधीतरी दुणावला आणि 2 तयार झाला. इतर कुठल्या प्राण्यात हा सापडलेला नाही. ज्यांना दोन्हीकडून 1 मिळाला, त्यांचं प्रथिन दोघींच्या फुगडीसारखं, सुटसुटीत. दोन्हीकडून 2 मिळाला, म्हणजे 2-2 असला, की प्रत्येक रेणूला दोन्ही बाजूंनी हात धरायची सोय होते आणि मोठा फेर धरला जातो. या बोजड रेणूंचं काम कमी पडतं, विशेषतः रक्तात साखर जास्त असली, की.

2002 साली हैफाच्या अँड्र्यू लेव्ही यांच्या गटानं अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या पाहणीतून दाखवलं, की मधुमेह असलेल्यांत 2-2 वाल्यांना हृदयविकाराचा धोका 1-1 वाल्यांच्या सुमारे पाचपट असतो. त्याआधी, 2000 साली, ‘होप’ या मोठ्या चाचणीत हृदयविकार टाळायला व्हिटॅमिन ई निरुपयोगी ठरलं होतं. त्यातल्या मधुमेहींचं साठवलेलं रक्त प्रकारवार लावल्यावर 2-2 वाल्यांना फायदा दिसला. सरासरीत तो बुडाला होता. मग इस्रायलमध्ये 55 वर्षांवरच्या 1434 मधुमेही 2-2 रुग्णांवर स्वतंत्र चाचणी झाली. हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना गोळी न घेणाऱ्यांत 4.7 टक्के, घेणाऱ्यांत 2.2. दीड वर्षात चाचणी थांबवली. निकाल 2008 साली आला.

(मागून: “मग आम्ही गोळ्या सुरू करायच्या का?”)

नाही! हे वाक्य घरी जाऊन कुणी अर्धं सांगू नका. एका छोट्या, लवकर थांबवलेल्या चाचणीवर औषध ठरत नसतं. 2011 साली अमेरिकेतल्या चाचणीत हेच व्हिटॅमिन ई रोज घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी अधिक आढळला. मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या घेतल्यात, तर खापर माझ्यावर फोडू नका.

पाच मिनिटांची चिठ्ठी आलीय, म्हणजे दोनच उरली असणार. 2 या प्रकाराचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या प्रदेशांत भारत आहे. आपल्याकडे 2-2 वालेच बहुसंख्य आहेत. बहुसंख्यांत जे आढळतं त्याला पाश्चात्त्य निबंधांत ‘दोष’ म्हटलं, की आपणही मान डोलावतो. अहो, मधुमेही इथे, 2-2 वाले इथे, गोळी स्वस्त. मग मोठी चाचणी इथे का नको? पेटंट नसलेल्या गोळीवर कंपनी पैसा घालणार नाही. तो सरकारनं घालावा. फायदा दिसला तर उत्तमच. नाही दिसला, तरी कोट्यवधी लोक एका निरुपयोगी गोळीपासून वाचतील. तोही निकाल मला चालेल. निकालच नसणं चालत नाही. उरलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरं खाली चहाच्या टेबलापाशी देतो.