रंग सालीत असतो

(कुडवा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



तुमच्यापैकी ज्यांच्याकडे संत्र्याची किंवा लिंबाची झाडं आहेत, त्यांनी बोर्डो मिश्रण स्वतः कालवलेलं असेल. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर धरला की चुना आणखी घालायचा. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या द्राक्षमळ्यांत सापडलं. १८८०च्या सुमारास तिथल्या वेलींवर केवडा रोग पडला होता. त्याच भागातल्या मेदोकमधले काही मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. हेतू एवढाच, की येणाऱ्याजाणाऱ्यानं घड तोडू नये. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या नजरेत आलं की आतल्या वेलींची पानं गळाली आणि रस्त्याकडेची ही निळसर पानं टिकली. १८८५मध्ये त्यांनी तो उपाय प्रसिद्ध केला.

त्याच मळ्यांतून निघणाऱ्या लाल वाइनबद्दल मी आज बोलणार आहे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. ज्या बायांनी ती लढून आणली, त्यांनी घरात काय सोसलं हे मला ठाऊक आहे, आणि कुणी प्यावं असं सांगायला मी उभा नाही. मला बोलायचं आहे ते शेतीबद्दल. या वाइनची सारी कीर्ती तळघराच्या आणि लाकडी पिंपांच्या नावावर जमा होते. माझ्या मते तिचा निम्म्याहून अधिक निकाल त्याआधी, वेलीवरच लागलेला असतो.

एक काळं द्राक्ष घ्या आणि बोटांत दाबा. येणारा रस पाण्यासारखा फिकट असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचं असंच आहे. लाल रंग सालीत असतो, बराचसा वासही सालीत असतो, आणि कच्चं टेंभूर खाल्ल्यावर जीभ आकसते तसा तुरटपणा सालीत आणि बियांत असतो. म्हणून लाल वाइनला लहान मण्याचं, जाड सालीचं द्राक्ष लागतं. बोर्डोतलं काबर्ने सोव्हिन्यों तसंच आहे. ते काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन जातींचं अपत्य असल्याचं १९९७मध्ये कॅलिफोर्नियात जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. त्याच्या जोडीला मर्लो लावतात. ते लवकर पिकतं आणि चवीला मऊ असतं.

तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्याआधी मळेवाला ओळीओळीतून फिरतो, मणी तोंडात टाकतो, साल दाताखाली धरतो, बी फोडून बघतो. बी हिरवट आणि कडू लागली तर थांबायचं. तपकिरी होऊन कुरकुरीत फुटली तर मजूर बोलवायचे. साखर मोजायची उपकरणं आहेतच. २४ ब्रिक्स साखरेच्या द्राक्षाची वाइन साधारण १३ टक्के अल्कोहोलची होते. पण बियांचा निर्णय आजही दातच करतात.

घडांचे देठ काढून, मणी फोडून रस, साली आणि बिया एकत्रच टाकीत जातात. यीस्ट साखरेवर काम करू लागलं की टाकी स्वतःच तापते. उष्णता २५ ते ३० अंशांच्या आसपास राखावी लागते. निघणारा वायू साली वर ढकलतो आणि त्यांचा हातभर जाड थर रसावर तरंगू लागतो. तो कोरडा पडला तर आंबून त्याचा सिरका होऊ लागतो. म्हणून तळाचा रस काढून वरून त्या थरावर ओततात, दिवसातून एक-दोनदा, रोज. रस सालींतून झिरपत खाली येतो आणि दर फेरीला गडद होतो. हे किती दिवस चालवायचं यात खरी पारख आहे. रंग पहिल्या काही दिवसांतच उतरतो. मग वाढत्या अल्कोहोलबरोबर बियांतला तुरटपणा ओढला जातो, आणि हात आवरला नाही तर कडवटपणाही येतो. दोन ते चार आठवड्यांनी वाइन काढून घेतात. उरलेल्या साली दाबून निघते ती वाइन वेगळी ठेवतात.

पुढे जिवाणू कच्च्या सफरचंदासारखा तीव्र आंबटपणा मवाळ करतात. मग २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात वर्षभर, दीड वर्ष मुक्काम. लाकडातून किंचित हवा लागते आणि तुरटपणा मऊ होतो. गाळ खाली बसला की वाइन दुसऱ्या पिंपात घेतात. जुन्या पद्धतीत शेवटी अंड्याचा पांढरा बलक घालून ती निवळतात, एका पिंपाला पाच-सहा अंडी. १८५५मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदोकच्या मळ्यांची जी प्रतवारी लागली, तिचा गवगवा फार आहे. ती दलालांनी बाजारभावावरून केली होती. मला त्याहून मोलाची वाटते ती तिथली दुसरी रीत. मळ्याच्या प्रत्येक तुकड्याची द्राक्षं वेगळी आंबवतात, चाखतात, आणि नंतरच काय कशात मिसळायचं ते ठरवतात. गोटाड जमिनीतलं काबर्ने आणि चिकणमातीतलं मर्लो पहिल्या दिवशी एकत्र होत नाही.

आता आपल्या राज्याकडे या. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्राच्या मदतीनं फेसाळती वाइन केली. नाशिकला राजीव सामंत यांनी सुला ही वायनरी उभी केली आणि तिची पहिली वाइन २०००मध्ये आली. २००१मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. आज तिथं काबर्ने आहे, शिराझ आहे. पण बोर्डोत थंडी वेलीला झोपवते. नाशिकला वेल झोपतच नाही. तिथं कात्री ऋतू घडवते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. उन्हाचा कडाका वाढला की आंबटपणा झपाट्यानं उतरतो, म्हणून साल पुरती पिकणं आणि आंबटपणा टिकणं यांची शर्यत लागते.

त्याहून अवघड होतं सवय मोडणं. आपला द्राक्ष बागायतदार थॉमसन आणि सोनाका या खाण्याच्या जातींवर तयार झालेला. जिब्रेलिक आम्लात घड बुडवायचे, मणी फुगवायचा, साल पातळ ठेवायची, एकरी टन वाढवायचे. खाण्याच्या द्राक्षाला ते बरोबरच आहे. वाइनच्या द्राक्षाला यातलं प्रत्येक पाऊल उलटं. मणी मोठा झाला की रस वाढतो, त्या मानानं साल कमी पडते, आणि वाइन फिकी उतरते. बोर्डोत हेक्टरी उत्पन्नावर कायद्यानं मर्यादा आहे. धानाच्या शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटेल, पण तिथं घड कमी ठेवणारा माणूस शहाणा ठरतो.

आपल्या झाडीपट्टीत द्राक्ष लावा असं मी म्हणणार नाही. इथला पाऊस आणि दमट हवा केवड्याला आमंत्रण देतात. पण आपल्याकडे मोह आहे. सध्या पहाटे बाया टोपल्या घेऊन मोहाखाली बसलेल्या दिसतात. त्या फुलांची दारू गाळून काढतात, आणि गाळताना वाफेबरोबर अल्कोहोल व वास येतो, बाकीचं फूल भांड्यात राहतं. वाइनचं तसं नाही. तिच्यात फळ सगळंच्या सगळं उतरतं, दोषांसकट. मोहफुलाचा लाडू, सरबत, मुरंबा करायचा तर तोच नियम लागू होतो. फुलाला माती, राख, बुरशी लागलेली असेल तर ती थेट खाणाऱ्याच्या तोंडात जाते. २०२१मध्ये राज्य सरकारनं मोहफुलांच्या संकलनावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, तेव्हा कायद्याची अडचण पुष्कळ कमी झाली आहे. वेचणीची रीत मात्र तीच आहे. झाडाखालचा पाला जाळायचा आणि राखेतून फूल उचलायचं. त्या आगी जंगलात पसरतात, हे वेगळं सांगायला नको.

झाडाखाली जाळी बांधली तर फूल जमिनीला लागतच नाही आणि पाला जाळावा लागत नाही. त्याच दिवशी ते ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवावं. आणि बोर्डोची रीत इथं उचलता येईल. सगळ्या मोहांची साखर सारखी नसते. वेचणाऱ्या बायांना कोणत्या झाडाचं फूल गोड ते पक्कं माहीत असतं. यंदा निदान दोन-तीन झाडांचं फूल वेगळ्या पोत्यांत भरा, पोत्यावर झाडाची खूण आणि वेचल्याची तारीख घाला, आणि व्यापाऱ्यापुढं ती पोती वेगळी उघडून भाव मागा.