जुन्या सी-10 पिकअपला इंजिन कोणतं?

आजचा विषय खास अमेरिकेतल्या आपल्या श्रोत्यांसाठी: 1967 ते 1972 मधली शेवरोले सी-10 पिकअप. गाडी घरी आली, पत्र्याचं काम सुरू झालं, की लगेच प्रश्न येतो, "इंजिन कोणतं टाकू?"

मी म्हणेन, थांबा. आधी तक्रार नेमकी काय आहे ते बघा.

बहुतेकांची तक्रार असते, "हायवेला इंजिन नुसतं ओरडतं." हिशोब करू या. मागचा ॲक्सल 4.11 चा, टायर 28 इंची, तीन गिअरचा जुना गिअरबॉक्स. ताशी 65 मैलांना इंजिन मिनिटाला साधारण 3,200 फेरे मारतं. आता तिथे व्ही-8 बसवलंत, तरी फेरे तेवढेच! पण 0.70 ओव्हरड्राइव्ह असलेला 700आर4 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवलात, तर फेरे 2,250 च्या आसपास येतात. मूळच्या 250 घनइंची सहा सिलिंडर इंजिनलाही तो बसतो. फक्त त्याची थ्रॉटलची केबल काटेकोर जुळवा, नाहीतर गिअरबॉक्स जळालाच म्हणून समजा.

म्हणून पहिला पर्याय: आहे ते इंजिन. कॉम्प्रेशन तपासा. सहाही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील, तर ते इंजिन काढायची घाई कशाला? रविवारी फेरफटका, कधीतरी थोडं सामान, एवढ्याला ते पुरेसं आहे.

दुसरा: 350 स्मॉल ब्लॉक. हे इंजिन या गाडीत कंपनीनेच दिलेलं, त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात आणि कार्ब्युरेटर असल्याने घरी दुरुस्त करता येतं. सहा सिलिंडरवरून येत असाल तर माउंट, रेडिएटर, एक्झॉस्ट यांचा खर्च आधीच धरा.

तिसरा: 1999 नंतरच्या सिल्व्हराडोमधलं 5.3 लिटर. थंडीत पटकन सुरू होतं, ताकदही भरपूर. इथे एक गंमत आहे बरं का. जुन्या कॅटलॉगमधली हॉर्सपॉवर 'ग्रॉस', म्हणजे एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे न लावता मोजलेली. 1972 पासून 'नेट' आकडे आले. त्यामुळे जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका, नव्याची ताकद कागदावर दिसते त्याहून जास्त असते.

पण 5.3 म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. वायरिंग, कॉम्प्युटर, ऑइल पॅन सगळं आलं. शिवाय कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय दाबाचं पेट्रोल चालतं, याला सुमारे 58 लागतं. आणि सी-10 ची टाकी कुठे असते? केबिनमध्ये, तुमच्या सीटच्या मागे! तिथे जुन्या रबरी नळ्यांवर काम भागवणं म्हणजे जिवाशी खेळ. पंप आणि नळ्या नव्याच घ्या. बरेच जण टाकीसुद्धा मागच्या हौद्याखाली हलवतात.

आणि ब्रेक! पुढचे डिस्क ब्रेक या गाडीला 1971 पासून सरसकट आले. त्याआधीच्या गाडीत पुढेही ड्रमच. म्हणून ताकद वाढवायच्या आधी थांबायची सोय करा.

थोडक्यात क्रम असा: ब्रेक, मग गिअरबॉक्स, मग इंजिन. असं केलंत तर गाडी मधल्या काळातही चालती राहते. इंजिन आधी उपसलं आणि पैसे संपले, की गाडी वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडते.

तुमच्या गाडीची तक्रार काय आहे, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!